अमारे, मोनेरे आणि सुमनमामीची वाटी

दूधवाला नुकताच गेला होता आणि मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात सुमनमामीचा फोन आला. इतक्या सकाळी तिचा फोन म्हणजे तिचं कुणाशी तरी वाजलेलं असतं आणि मला त्यात न्यायाधीश व्हायचं असतं, म्हणून मी गॅस बारीक करून आरामात खुर्चीवर टेकले. पलीकडून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंजू, तुझे मामा काल दोरमीरे करायला गेले, ते उठलेच नाहीत गं... तू ये." दोरमीरे म्हणजे लॅटिन भाषेत झोपणे. मामांच्या घरात हा शब्द इतका रुळलेला होता, की त्यांच्या जाण्याची बातमीही त्याच शब्दातून आली आणि मला ती चटकन कळली. आधी हसू फुटलं, मग रडू, आणि गोरखीतल्या माझ्या घरापासून दर्पण कॉलनीतल्या मामांच्या घरापर्यंत रिक्षात दोन्ही आळीपाळीने चाललं होतं. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल.

दिनकरमामा सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले; पण ग्वाल्हेरात त्यांची ओळख 'लॅटिनवाले मास्टरसाहब' अशीच होती. आमच्या या गावात मराठी माणसाने गाणं शिकावं, वकिली करावी, अगदीच काही जमलं नाही तर राजकारणात पडावं, हे लोकांना समजतं. लॅटिन का शिकावं, हे कुणालाच समजलं नाही. कारण अगदी घरगुती होतं. मामांचं लहानपण मुरारला गेलं. आजोबा छावणीच्या कचेरीत कामाला, आणि घरापासून चार पावलांवर चर्च. तिथले म्हातारे फादर मंगळूरकडचे, घरी कोकणी बोलणारे. इथल्या हिंदीच्या समुद्रात त्यांना आपल्या भाषेच्या जवळपासचं काही ऐकायला मिळायचं ते फक्त माझ्या आजीच्या तोंडून. म्हणून ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत, आजीचं बोलणं ऐकत, आणि त्या बदल्यात तिच्या मुलाला लॅटिन शिकवत. आजीला या व्यवहाराचा पत्ताही नव्हता. तिला वाटायचं, फादर बिचारे चहासाठी येतात.

फादरांनी मामांना पहिली गोष्ट शिकवली ती क्रियापदाचं मूळ रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह. आपल्याकडे शब्दकोशात करणे, जाणे, ऐकणे असं क्रियापद दिलेलं असतं ना, ते. मामा आम्हाला सांगायचे, "हे क्रियापद अजून घराबाहेर पडलेलं नाही. कोण जाणार, कधी जाणार, किती जण जाणार, काही ठरलेलं नाही. अजून पायात चप्पलसुद्धा घातली नाहीये त्याने." मग ते लॅटिन क्रियापदांची चार घराणी मांडत. पहिल्याचा नमुना अमारे, प्रेम करणे. दुसऱ्याचा मोनेरे, बजावून सांगणे. तिसऱ्याचा रेगेरे, राज्य करणे. चौथ्याचा आउदीरे, ऐकणे. मोनेरेमधला 'ने' चांगला लांब ओढायचा, रेगेरेमधला 'गे' जिभेला टेकवून लगेच उचलायचा. त्यात चूक झाली तर मामा चष्मा काढून डोळे मिटून घेत, कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखे. फादर स्वतः मात्र चर्चमधल्या पद्धतीने 'रेजेरे' म्हणत. मामांनी पुढे पुस्तकं वाचून त्याचं 'रेगेरे' केलं; पण मुरारला त्या चर्चसमोरून जायची वेळ आली की ते न चुकता रेजेरे म्हणायचे, फादरांना उगाच वाईट वाटायला नको म्हणून. फादर जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

मी पडले संस्कृतची मास्तरीण, तेव्हा आमचं जुंपणार हे उघडच होतं. मी म्हणायची, आमचं गन्तुम् आहे, कर्तुम् आहे, तुमच्या इन्फिनिटिव्हने असा काय मोठा तीर मारलाय? त्यावर मामांचे डोळे लकाकायचे, कारण मी हे विचारावं याचीच ते वाट बघत असत. "तुझ्या त्या तुमुन् प्रत्ययाला काळ कुठाय? अमारे म्हणजे प्रेम करणे. अमाविस्से म्हणजे प्रेम केलेलं असणे. आणि अजून करायचं बाकी असेल तर त्याचंही रूप आहे. भूत, भविष्य, सगळं चप्पल न घालता." मी म्हणायची, ज्याला कर्ता नाही त्याला भूतकाळ असून करायचंय काय. मग आतून मामी ओरडायची, "तुम्ही दोघं चाय घ्या पहिले, मग झगडा करा." आमच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या दरबारात कारकुनी केलेली. तिथल्या मराठी कागदांत हुकूम सुटायचे ते असेच: हुजूर हजर होणे, काम तडीस नेणे. मामा तोच हवाला देऊन म्हणत, आपल्या घरात इन्फिनिटिव्ह वंशपरंपरेने आलेला आहे, त्याला माझा इलाज नाही. आणि मामीला दुकानातून काही आणायला सांगायचं असलं की एमेरे, म्हणजे विकत घेणे, एवढं एकच बोलून पेपरात डोकं घालत. कुणी घेणे, ते बोलायचं नाही. मामीही खमकी. ती पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून निघून जायची.

दर रविवारी सकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत वर्ग भरायचा. शिकणारे येत-जात राहिले. कुणी कायद्याचा विद्यार्थी, कुणी वनस्पतीशास्त्राचा, एकदा छावणीतल्या एका मेजरची मुलगी दोन वर्षं येत होती. कायमचे म्हणाल तर मी आणि तोमर वकील. तोमर कोर्टातल्या दोन-चार लॅटिन शब्दांचे उच्चार विचारायला म्हणून आले आणि पंधरा-वीस वर्षं येतच राहिले. येताना बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि भाजीचा पुडा घेऊन येत. वर्गाची सुरुवात पाढ्यांसारखी व्हायची. चार शब्द, चार माणसं, एकामागून एक. मामांनी वाटणी करून टाकली होती. रेगेरे तोमरांकडे, कारण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वी तोमर राजे होते, "किला तो आप ही के पुरखों का था, राज करना आप रखिए." मोनेरे माझ्याकडे, कारण मी सगळ्यांना बजावत फिरते म्हणे. आउदीरे, ऐकणे, त्यांनी स्वतःकडे ठेवलं. शिक्षकाने शेवटी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आयुष्यात कधी कोणाचं ऐकलं नाही, आणि ऐकणे घेऊन बसलेत." मामा म्हणाले, मग पहिलं तू घे. अमारे उरलंच आहे. "शोभतं का या वयात," असं म्हणत मामी हात पुसत बाहेर आली, ती तेव्हापासून वर्गात आली.

आणि तिने आल्या आल्या एक गोष्ट बदलून टाकली. मामा टेबलावर बोटं आपटून म्हणायचे, तीन-तीन अक्षरांचे चार शब्द, बारा मात्रा, झाला एकताल. मामी लहानपणी गाणं शिकलेली, तेही ग्वाल्हेरात. तिला हे सहन होणं शक्य नव्हतं. "एकताल असा तीन-तीनचा असतो का? सरळ दादरा आहे हा. दोन आवर्तनं होतात." तिने आतून आमटीची स्टीलची वाटी आणि चमचा आणला आणि दादऱ्याचा ठेका धरला. अमारे, मोनेरे... रेगेरे, आउदीरे. मामांनी हार मानली. भाषेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत, पण मामी तालात बोलली की गप्प होत. पलीकडच्या घरातल्या गुप्ता आंटी कंपाउंडच्या भिंतीपाशी कपडे वाळत घालता घालता हे दर रविवारी ऐकायच्या. त्यांनी एकदा मामीला विचारलं, "भाभीजी, ये कौन सा पाठ है? इनके घुटनों के लिए भी कुछ असर करेगा क्या?" मामीने त्यांना खरं काय ते सांगितलं, पण आंटींना ते फारसं पटलं नसावं. आमचं म्हणणं चालू असताना त्यांचे ओठ हलताना मी पाहिलेत.

चार-एक वर्षांपूर्वी मामांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय लवकर पूर्ववत झाले, वाचा मात्र गेली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आम्हाला नीट समजावलं. कळतंय त्यांना सगळं, पण मेंदूत शब्द बाहेर काढणारा भाग दुखावलाय. बोलायचा प्रयत्न त्यांनी स्वतः करायला हवा आणि आत्ताच करायला हवा. गप्प राहायची सवय लागली तर पुढे फार कठीण जाईल. आणि मामा नेमके गप्प राहायचं ठरवून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी मागायचा प्रयत्न केला होता. 'पा... पप...' असं काहीतरी आलं, आणि भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने कौतुकाने त्यांच्या पाठीवर थोपटून शब्द पुरा केला. लहान मुलाचा करतात तसा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या 'ने' आणि 'गे'ची लांबी मोजली, त्याला हे फार लागलं असणार. त्यानंतर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि ओठ मिटून घेतले. बोलणं शिकवायला बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. ते डोळे बंद करायचे. मला तेव्हा त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मामांचं घर म्हणजे मामांचं बोलणं. ते नसेल तर त्या खोल्यांमध्ये मामीने काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

तो रविवार होता. आम्ही तिघं दवाखान्यात होतो. तोमर सवयीने बेडई घेऊन आले होते आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. मामीने डब्यातली खिचडी वाटीत काढली, मामांसमोर धरली. मामांनी मान फिरवली. मामीने खिचडी परत डब्यात टाकली, वाटी पदराने पुसली आणि स्टुलावर पालथी घातली. "बस झालं तुमचं ताकेरे," ती म्हणाली. ताकेरे म्हणजे गप्प बसणे. मग तिने चमचा उचलला आणि दादरा धरला. वॉर्डात इतर पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते. मी म्हटलं, मामी, लोक बघतायत. ती म्हणाली, "बघू दे ना. अमारे." आता आली का पंचाईत. तिचं झालं म्हणजे माझी पाळी. मी पुटपुटले, मोनेरे. तोमर पुडा छातीशी धरून उभ्या उभ्या म्हणाले, रेगेरे. चमच्याचे तीन ठोके रिकामे गेले. मामीने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीन ठोके रिकामे. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा आम्ही तोमरांपर्यंत पोचलो, आणि भिंतीकडून, घोगरा पण अगदी तालात, आवाज आला, "आउदीरे."

मामांना स्वतःलाच धक्का बसला. ते वळून आमच्याकडे बघत राहिले. मामीने ठेका सोडला नाही. रडत होती आणि वाजवत होती. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, पाठ असलेलं, तालातलं, गाण्यातलं कधीकधी शाबूत राहतं, त्याला धरून पुढे जाता येतं. तोमर बाहेर येऊन मला म्हणाले, "दीदी, मैंने अदालत में बहुत गवाहों के मुँह खुलते देखे हैं. ऐसा पहली बार देखा." आणि मग आम्ही सगळ्यांनी, शेजारच्या पेशंटनेसुद्धा, गार झालेली बेडई खाल्ली. मामांनी खिचडी खाल्ली.

पुढचं काम चिकाटीचं होतं आणि त्यातलं बहुतेक मामीने केलं. वाटीवर ठेका, त्यावर एकेक क्रियापद. आधी लॅटिन परत आलं, त्याच्या मागून मराठी. पण परत आलं ते सगळं मूळ रूपात. बिबेरे, म्हणजे पिणे. मग 'चाय... पिणे'. मग 'ऊन... बसणे'. कोण, कधी, काही नाही. जन्मभर ज्याचे गोडवे गायले त्या रूपातच त्यांचं सगळं बोलणं येऊन थांबलं होतं. मी हे एकदा भीत भीत त्यांना बोलून दाखवलं, तर ते इतके हसले की ठसका लागला. भाजीवाल्यासमोर उभं राहून ते दोडक्याकडे बोट दाखवून म्हणायचे, एमेरे. भाजीवाला मामीला विचारायचा, "अंकल क्या माँग रहे हैं, ये कौन सी सब्ज़ी है?" मामी म्हणायची, "कुछ नहीं भैया, खरीदना कह रहे हैं." थोड्या दिवसांनी भाजीवालाच त्यांना लांबून बघितलं की विचारायला लागला, "अंकल, एमेरे?"

मामांनीच आम्हाला शिकवलं होतं की इन्फिनिटिव्हला चालवायचं तर सोबतीला एक क्रियापद लागतं. पोस्सुम, मी शकतो. वोलो, मला हवंय. मामीने ते त्यांच्यावरच उलटवलं. नुसतं बिबेरे म्हटलं की ती कप हातात धरून उभी राहायची. "कोणाला प्यायचंय? मला? भाजीवाल्याला?" एकदा मामा हट्टाला पेटले, सकाळी अकरापर्यंत बिनचहाचे बसले. शेवटी चिडून, अडखळत, पण एका दमात म्हणाले, "तू मला चाय का देत नाहीस?" कर्ता, कर्म, काळ, राग, सगळं जागच्या जागी. मामीने धावत जाऊन चहा आणला आणि आनंदाच्या भरात साखर घालायला विसरली. मामांनी तो तसाच शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

पूर्वीसारखं घडाघडा बोलणं काही परत आलं नाही. पण वर्ग परत भरू लागला. मामा भुवईने शिकवायचे. चूक झाली की चष्मा काढून डोळे मिटायचे, तेवढं पुरत असे. मी त्यांना शेवटची भेटले तो रविवारच होता. तिळाच्या गजकाचा तुकडा चघळत ते उन्हात बसले होते. मला म्हणाले, "मंजू... अमाविस्से." मी नेहमीच्या सुरात विचारलं, कर्ता कुठाय, कर्म कुठाय? त्यांनी एक बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि दुसरं स्वयंपाकघराकडे केलं. आतून मामी म्हणाली, "मी ऐकून राहिलेय हां सगळं." मामा खूश होऊन उरलेला गजक खाऊ लागले.

दिवस वगैरे झाल्यावर मामीने मला आणि तोमरांना सांगून टाकलं, आता रविवारी यायची गरज नाही, वर्ग कोण घेणार? तिचा आवाज कोरडा होता. ज्या घरात आवाज राहावा म्हणून तिने एवढं केलं, तिथे ती आता टीव्हीसुद्धा लावत नव्हती. मी ठरवलं, वर्गाला यायचं नाही असं ती म्हणतेय, तर आपण भेटायला म्हणून जावं. रविवारी पोचले तर फाटकाशी तोमर उभे, हातात पुडा. म्हणाले, "क्या करूँ दीदी, स्कूटर अपने आप इधर मुड़ गया." आम्ही बाहेरच्या खोलीत आपापल्या जागी बसलो. मामांची खुर्ची तशीच. मामी चहा घेऊन आली, बसली, उठली, आत गेली. परत आली ती वाटी आणि चमचा घेऊन. तिने वाटी टेबलावर पालथी घातली.

"अमारे," ती म्हणाली. मी म्हटलं, मोनेरे. तोमर पुडा मांडीवर धरून म्हणाले, रेगेरे. चमचा वाजत राहिला, एक, दोन, तीन... मला खुर्चीकडे बघवेना, मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे भिंतीपलीकडे दोरीवर ओली चादर लटकलेली होती, आणि त्या चादरीमागून, जरा घाबरत, गुप्ता आंटी म्हणाल्या, "औदिरे."

मामीचा चमचा थांबला. तिने चष्मा काढला, डोळे मिटले. मग खिडकीशी जाऊन म्हणाली, "गुप्ताजी, 'दी' लंबा है. अंदर आ जाइए, बाहर से नहीं होगा." आंटी ओल्या हातांनी आल्या आणि कुठे बसावं म्हणून दारातच घुटमळल्या. मामीने मामांची खुर्ची पुढे ओढून दिली आणि चमचा उचलला. "फिर से," ती म्हणाली.